बादशहाचा थरथरता हात

हिंदुस्थानच्या तख्ताचा वारस असलेला एक तरुण. वय सव्विशीच्या आसपास. समोर भरलेला प्याला आहे, पण तो त्याला उचलता येत नाही. हात इतका कापतो की दुसऱ्या कोणीतरी तो प्याला त्याच्या ओठांशी धरावा लागतो. हा तरुण म्हणजे शहजादा सलीम, जो पुढे जहांगीर बादशहा म्हणून ओळखला गेला. ही हकीकत कोणा शत्रूने त्याच्या बदनामीसाठी रचलेली नाही. तख्तावर बसल्यानंतर त्याने स्वतःच ती तुझुक-ए-जहांगिरी या आपल्या फारसी आत्मवृत्तात नोंदवून ठेवली आहे.

जहांगीरचे नाव निघाले की आपल्याला त्याची न्यायाची साखळी आठवते, नूरजहाँ आठवते, चित्रकलेचा शौक आठवतो. त्याच्या कापणाऱ्या हाताबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मी मात्र आज त्याच हाताची कथा सांगणार आहे. शिरूर अनंतपाळसारख्या गावात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारापाशी थांबणाऱ्या माता असतात. आवाज खाली करून त्या विचारतात की मुलाला एखादा तावीज मिळेल का. मुलाला काय झाले आहे हे त्या सांगत नाहीत आणि विचारणाऱ्यालाही ते विचारण्याची हिंमत होत नाही. ज्या घराण्याने हिंदुस्थानावर राज्य केले, त्या घराण्यातही हेच दुखणे होते. आणि त्यातल्या एका माणसाने ते लपवले नाही.

सलीमचा जन्म ३१ ऑगस्ट १५६९ रोजी फतेहपूर सिक्रीला झाला. अकबराची आधीची मुले जगली नव्हती. बुजुर्ग शेख सलीम चिश्ती (रह.) यांच्या दुआनंतर हा मुलगा झाला, म्हणून त्याला त्यांचेच नाव दिले गेले. अकबर त्याला लाडाने शेखू बाबा म्हणे. नवसासायासाने मिळालेल्या या मुलाच्या आयुष्यात दारू प्रथम आली ती औषध म्हणून. तान्हा असताना खोकल्यावर उपाय म्हणून गुलाबपाण्यात कालवलेला थोडासा अर्क त्याला दोन-तीनदा पाजला गेला होता, असे तो लिहितो. नंतर बरीच वर्षे त्याने तिला स्पर्श केला नाही.

पहिला खरा प्याला आला तो अटकच्या छावणीत. युसुफझाई पठाणांच्या बंडामुळे अकबराचा मुक्काम तेथे पडला होता. तरुण सलीम शिकारीहून थकून परतला. उस्ताद शाहकुली नावाच्या तोफचीने सुचवले की एक प्याला घेतला तर थकवा निघून जाईल. शहजाद्याने माणूस पाठवला तो हकीम अली यांच्या घरी, म्हणजे वैद्याच्याच घरी, आणि तेथून एका लहान बाटलीत दीड प्याला गोड, पिवळसर दारू आली. ती त्याला आवडली. बस, इतकेच घडले. कोणती शोकांतिका नव्हती, दुःख नव्हते, वाईट संगतीचा डाव नव्हता. थकलेले शरीर होते आणि मायेने दिलेला सल्ला होता. आपल्या गावांतही पहिला घोट बहुधा असाच येतो. ऊसतोडीहून, हमालीहून, ट्रकच्या फेरीहून आलेल्या पोराला कोणीतरी आपुलकीनेच सांगतो की थोडी घे, अंग मोकळे होईल.

पुढची नऊ वर्षे जहांगीरने एखाद्या हिशेबनिसासारखी लिहून ठेवली आहेत. प्रमाण दिवसागणिक वाढत गेले. द्राक्षाची दारू चढेनाशी झाली, तेव्हा तो अर्काकडे वळला. अखेरीस दोनदा गाळलेल्या अर्काचे वीस प्याले रोज होऊ लागले. चौदा दिवसा, उरलेले रात्री. त्याचे वजन हिंदुस्थानी मापाने सहा शेर भरत असे. जेवण घटत घटत एक कोंबडी, रोटी आणि मुळा एवढ्यावर आले. त्याला रोखण्याची कोणाची छाती नव्हती. त्यानंतर हात कापू लागले.

हे कापणे म्हणजे काय, हे आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. रोज रोज दारू पोहोचत राहिली की मेंदू तिच्या दाबाशी जुळवून घेतो आणि तो दाब असताना नीट चालण्यासाठी स्वतःची गती वाढवून ठेवतो. दारू उतरू लागली की दाब जातो, पण वाढलेली गती तशीच राहते. म्हणून हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, जीव घाबरा होतो. आणि एक घोट पोटात गेला की हे सारे शमते. अशा अवस्थेत माणूस मजेसाठी पीत नसतो, त्रास टाळण्यासाठी पीत असतो. घरच्यांना हे कळत नाही. त्यांना वाटते, याला आमच्यापेक्षा दारू प्यारी आहे.

आता सलीमच्या दोन भावांकडे वळावे लागते. त्यांचे दुखणे तेच होते, शेवट निराळा झाला.

मधला शहजादा मुराद. अकबराने त्याला दख्खनच्या मोहिमेवर पाठवले. १५९५-९६ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्याला त्याने वेढा दिला, तेव्हा आतून चाँद सुलताना लढत होती. वऱ्हाड मिळाले, नगर मिळाले नाही. सरदारांशी त्याचे पटत नव्हते, आणि पिणे थांबत नव्हते. मे १५९९ मध्ये पूर्णेच्या काठी, दौलताबादपासून वीस कोसांवर, तो मरण पावला. वय तीसच्या आतच. आपल्या मराठवाड्याच्या या मातीत एक मुघल शहजादा दारूने मेला, हे आपल्या शाळेच्या इतिहासात मी तरी कधी वाचले नव्हते.

धाकटा दानियाल. मुरादनंतर दख्खनचा कारभार त्याच्याकडे आला आणि मुक्काम बुऱ्हाणपूरला पडला. त्याच्या पिण्याची खबर आग्र्याला पोहोचली, तेव्हा अकबराने खानखानान अब्दुर्रहीम याला कडक ताकीद दिली. खानखानान हा दानियालचा सासराही होता. त्याने पहारे बसवले आणि दारू आत येण्याच्या साऱ्या वाटा बंद केल्या. दानियाल रडला, नोकरांपुढे गयावया करू लागला. त्याच्याकडे एक आवडती बंदूक होती. तिचे नाव त्याने स्वतःच यका-ओ-जनाजा असे ठेवले होते. जिला ही लागली तिचा जनाजाच उठला, असा त्या नावाचा भाव. मुर्शिद कुली खान या बंदूकधारी नोकराने त्या बंदुकीच्या नळीत तीव्र अर्क भरून तो आत नेला. नळीत दारूगोळ्याचा अंश होता, लोखंडाचा गंज होता. अर्काच्या तीव्रतेने तो गंज त्यात उतरला. दानियाल ते प्यायला आणि कोसळला. अकबराच्या मृत्यूच्या काही महिने आधीची ही घटना आहे. दानियालने वयाची तेहतीस वर्षेही नीट पाहिली नाहीत.

ही कथा जहांगीरनेच आपल्या ग्रंथात लिहिली आहे. पहाऱ्याने दारूची वाट अडली. आजारावर मात्र कोणी उपचार केला नाही. आपल्या घरांतही हेच होते. पगार काढून घेतला जातो, मोटारसायकलची चावी लपवली जाते, खोलीला बाहेरून कडी लावली जाते, कुरआनवर हात ठेवून शपथ घेववली जाते. यामागची माया खरी असते. पण ज्याचे शरीर दारूवर बेतलेले आहे, तो बंद खोलीत बंदुकीची नळी शोधतो. कोणाला ती खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत सापडते, कोणाला झोपेच्या गोळ्यांत, कोणाला पंक्चरच्या सोल्युशनमध्ये. शिवाय अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी, वैद्याविना बंद केली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, ताप चढून जीवही जाऊ शकतो. सोडायला सांगणाऱ्या आम्हा इमामांनाही हे ठाऊक असले पाहिजे. मला ते बऱ्याच उशिरा कळले.

सलीम मात्र वाचला. त्याने एक साधी गोष्ट केली आणि त्याच्या भावांच्या वाट्याला ती आली नाही. त्याने हकिमाला बोलावले आणि आपली अवस्था दाखवली.

हे हकीम हुमाम. गीलान प्रांतातून हिंदुस्थानात आलेले, हकीम अबुल फत्ह यांचे बंधू आणि अकबराच्या अगदी निकटच्या माणसांपैकी एक. शहजाद्यापुढे खरे बोलणे सोपे नव्हते. उद्याचा बादशहा होता तो. पण हुमाम यांनी आडपडदा ठेवला नाही. त्यांनी स्नेहाने आणि स्पष्टपणे सांगितले की हे असेच चालले तर सहा महिन्यांत, अल्लाह न करो, दुखणे कोणत्याही उपायाच्या पलीकडे जाईल. त्यांनी निर्भर्त्सना केली नाही, धर्मावर प्रवचन दिले नाही, बापाचे नाव काढून धाकही घातला नाही. आजार कोठवर आला आहे आणि वेळ किती उरला आहे, एवढेच सांगितले. जहांगीर लिहितो की हे बोल त्याच्या मनावर ठसले, कारण ते हितचिंतकाचे होते आणि त्याला जीव प्यारा होता.

त्या दिवसापासून त्याने प्रमाण उतरवायला सुरुवात केली. एकदम बंद केले नाही. अर्कात सौम्य दारू मिसळायला सांगितले, दोन भाग दारू आणि एक भाग अर्क. प्याले हळूहळू घटवले आणि त्या प्रमाणात फिलुनिया नावाचे अफूमिश्रित माजून वाढवले. सात वर्षे हा क्रम चालला. वीस प्याल्यांचे सहा झाले, सव्वाअठरा मिस्कालांचा एक याप्रमाणे. पुढे पंधरा वर्षे ते सहाच राहिले, असे तो अभिमानाने नोंदवतो. हकीम हुमाम १५९५ मध्ये वारले. त्यांनी हेरलेला रोगी त्यांच्यानंतर बत्तीस वर्षे जगला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर कोणीतरी या लेखाचा आधार घेऊन सहा प्याले जायज ठरवील. नशा आणणारी वस्तू पुष्कळ असो वा थोडी, ती हरामच आहे. वीस प्याले हराम होते आणि सहाही हराम होते. अफूच्या माजूनाने दारूची जागा घेतली, हेही व्यसनच राहिले. आजचा जाणता डॉक्टर दारू सोडवताना मोजक्या दिवसांपुरती औषधे देतो आणि मग तीही उतरवून बंद करतो. जहांगीरचे दुःख असे की तो अर्ध्या वाटेवर थांबला, आणि उरलेली वाट दाखवायला दुसरे हुमाम त्याच्याकडे आले नाहीत. १६१६ च्या सुमारास फिलुनियाची जागा निव्वळ अफूने घेतली होती: दिवसा आठ गुंजा, रात्री सहा.

तरीही अल्लाहने माणसाची ही दुर्बलता ओळखली आहे, हे आपण विसरू नये. मदिनेत दारूबंदी एका रात्रीत उतरली नाही. दिव्य कुरआनच्या सूरह बकरामध्ये प्रथम दारूचा तोटा तिच्या लाभापेक्षा मोठा असल्याचे सांगितले गेले. मग सूरह निसामध्ये नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली; आणि दिवसातून पाच वेळा शुद्धीवर राहायचे, तर पिण्यासाठी वेळ किती उरणार? अखेर सूरह माइदामध्ये संपूर्ण बंदी आली आणि मदिनेच्या गल्ल्यांतून ओतलेली दारू वाहिली. आज हुकूम पूर्ण झालेला आहे, त्यात टप्पे नाहीत. पण ज्या रबने हुकूम दिला, त्यानेच आपल्या बंद्यांची मने आधी तयार केली होती.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ होते. लोक त्यांना हिमार म्हणत. ते प्रेषितांना हसवत असत. दारूच्या गुन्ह्यासाठी त्यांना शिक्षा झाली होती, आणि ते पुन्हा पुन्हा त्याच कारणासाठी आणले जात. एकदा जमलेल्यांपैकी एकाने त्यांना शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला थांबवले आणि हा माणूस अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. शिक्षा माफ झाली नाही, पण नाते तोडले गेले नाही. सहीह बुखारीतील ही हदीस मी मदरशात शिकलो होतो. तिचा अर्थ मात्र एका बापाला आपल्या मुलाविषयी बोलताना ऐकले, तेव्हा कळला. त्याने मुलाला घरातून काढले होते आणि तो रोज रात्री दाराची कडी न लावता झोपत होता.

१६०५ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सलीम जहांगीर म्हणून तख्तावर बसला. त्याआधी त्याने बापाविरुद्ध बंड केले होते. समेट झाल्यावर अकबराने त्याला काही दिवस कोंडून ठेवले आणि दारू-अफू तोडली, असे इतिहासकार सांगतात. सुटका झाली आणि सारे पूर्ववत सुरू झाले. राज्यारोहणानंतर त्याने बारा हुकूम काढले. त्यांपैकी एक दारू आणि इतर मादक पदार्थ बनवण्यावर व विकण्यावर बंदी घालणारा होता. आपण स्वतः पितो हे त्याने त्याच ठिकाणी मान्यही केले. याला कोणी ढोंग म्हणेल. मला त्यात स्वतःला न जमलेली गोष्ट रयतेला तरी जमावी अशी धडपड दिसते. दुसऱ्या एका हुकमाने त्याने मोठ्या शहरांत दवाखाने उभारून तेथे वैद्य नेमण्यास सांगितले, आणि त्यांचा खर्च सरकारी खालशातून देण्याचे ठरवले. १६१७ मध्ये तंबाखूवरही मनाई केली. गुरुवारी मावळल्यानंतरची जुम्याची रात्र तो दारूशिवाय काढत असे.

आणि याच माणसाने १६१६ च्या आरंभी, खुर्रमच्या तुलेच्या दिवशी, आपल्या मुलाच्या हाती पहिला प्याला दिला. चोवीस वर्षांच्या खुर्रमने तोवर दारूला हात लावला नव्हता. त्याची इच्छा नव्हती. बापाने आग्रह केला, मात्र मर्यादेत राहण्याचा उपदेशही केला. वर सांगितलेली सारी कबुली, अटकच्या छावणीपासून हकीम हुमामपर्यंतची, जहांगीरने नेमकी याच प्रसंगाला जोडून लिहिली आहे. मुलाला प्याला देताना त्याला आपला कापणारा हात आठवला, आणि तरी त्याने तो दिला. या पानाशी मी नेहमी थबकतो. सुदैवाने खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, काही वर्षांनी दख्खनच्या मोहिमेवर निघाला असता चंबळच्या काठी थांबला, साठा नदीत ओतून टाकला आणि पिणे सोडले. दुसरा मुलगा परवेझ याला ते जमले नाही. १६२६ मध्ये तो बुऱ्हाणपूरलाच, काका दानियाल जेथे गेला त्याच शहरात, दारूने गेला. आणि ज्या खानखानानने दानियालवर पहारे बसवले होते, त्याचा स्वतःचा मुलगा शाहनवाज खान १६१९ मध्ये याच व्यसनाचा बळी ठरला होता.

१६१८ मध्ये इनायत खान नावाचा एक दरबारी आग्र्याला जाण्याची परवानगी मागण्यासाठी पालखीतून बादशहापुढे आणला गेला. अफू आणि दारूने त्याचा फक्त हाडांवर ताणलेला कातडा उरला होता. बादशहाच्या हुकमाने हकिमांनी उपचार केले होते, पण वेळ टळून गेली होती. जहांगीर त्याला पाहून हादरला. त्याने वाटखर्चासाठी पैसे दिले आणि चित्रकारांना त्याचे चित्र काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी इनायत खान वारला. ते चित्र आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे: उशांना टेकलेला, छातीच्या फासळ्या मोजता येतील असा माणूस. व्यसनाचे इतके निष्ठुर चित्र काढून घेणारा बादशहा त्या दिवशीही आपले सहा प्याले प्यालाच असणार.

पणजोबा बाबराने १५२७ मध्ये खानवाच्या लढाईआधी सोन्या-चांदीची पात्रे फोडून तौबा केली होती, हे त्याला ठाऊक होते. त्या तौबेनंतर दोन वर्षे दारूची ओढ आपल्याला रडवण्याइतकी छळत होती आणि मग ती हळूहळू शमली, हे बाबराने स्वतः एका पत्रात लिहिले आहे. तौबा एका क्षणात होते, तर ओढ विझायला कधी वर्षे लागतात. ज्यांचा मुलगा सोडून पुन्हा घसरला आहे, त्या घरांनी बाबराची ती दोन वर्षे ध्यानात ठेवावीत.

जहांगीरला दुसऱ्यांदा हात मिळाला तो घरातूनच. काश्मीरमध्ये त्याला दम्याने गाठले. दारूने क्षणभर बरे वाटे, म्हणून तो दिवसाही पिऊ लागला आणि प्रकृती आणखी ढासळली. १६२१ मध्ये हकिमांचे उपाय थकले, तेव्हा नूरजहाँ बेगमने सूत्रे हाती घेतली. तिने प्याले टप्प्याटप्प्याने कमी केले, अपथ्य अन्न दूर ठेवले, आणि बादशहा काही काळ सावरला. तिचे उपाय हकिमांहून सरस ठरले, हे त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. बायकोने आपली दारू कमी केली, हे बादशहाला लिहिण्याची लाज वाटली नाही. आपल्याकडे मात्र नवऱ्याच्या व्यसनाबद्दल बोलणारी बायको घराची अब्रू घालवते असे समजतात.

नूरजहाँजवळ नव्हते ते आज आपल्या भगिनींजवळ आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तेथे रुग्णाबरोबर घरच्यांशीही बोलले जाते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक मोफत आहेत. फोन रुग्णानेच करावा असे नाही. आईने केला तरी चालतो. बेदुइनांनी उपचार करावेत का असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) होकार दिला होता, कारण अल्लाहने उपायाविना आजार पाठवलेला नाही. दुआ करावीच, तावीज मागायला आलेल्या मातांना मी आता दुआबरोबर हे दोन क्रमांकही लिहून देतो.

१६२२ नंतर जहांगीरचा हात लेखणी धरण्याइतकाही स्थिर राहिला नाही. पुढच्या नोंदी मोतमद खानाने लिहिल्या. त्याच्याकडून आपल्याला शेवट कळतो. १६२७ च्या काश्मीर मुक्कामात बादशहाची भूक गेली. चाळीस वर्षांच्या सोबतीण अफूचाही त्याला वीट आला. द्राक्षाच्या दारूचे काही घोट तेवढे पोटात जात. लाहोरकडे परतताना वाटेत त्याने प्याला मागितला. तो ओठांशी धरला गेला, पण घोट घशाखाली उतरला नाही. २८ ऑक्टोबर १६२७ रोजी, प्रवासातच, त्याने प्राण सोडला. लाहोरजवळ रावीपलीकडे शाहदऱ्याला त्याची कबर आहे. अल्लाह त्याला क्षमा करो.